जुन्या आयमॅकची डिस्क: काच कापून आतच बदलायची, का बाहेरून यूएसबीला लटकवायची?

छापखानावाला_बार्शी
मंडळी, आपलं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुका आल्या की हँडबिलं. मशीन म्हणजे २०१३ च्या शेवटी आलेला २१.५ इंची आयमॅक (ॲपलचा, स्क्रीनच्या आतच सगळा कॉम्प्युटर असलेला), आत एक टीबीची ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) हार्डडिस्क, मोहावे ही ॲपलची जुनी सिस्टीम टाकलीय. सकाळी बटण दाबून शटर वर करतो, झाडू मारतो, देवाला उदबत्ती लावतो तरी ते सफरचंद आणि रेघ तिथंच. पानं मांडायचं इनडिझाइन उघडेपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत येतं.

शहरातल्या एका रिपेअरवाल्याला विचारलं तर म्हणाला फेकून द्या, नवा घ्या. माझं म्हणणं असं की मशीन म्हातारं झालेलं नाहीये, त्याची डिस्क झालीय. स्क्रीन अजून इतका सुरेख आहे की रंग बघायला दुसरीकडं जावंसं वाटत नाही. त्यामुळं आत एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) बसवायची, एकदाच काय तो खर्च, हे माझं ठाम मत. कुणाचं वेगळं असेल तर बोला.

खटपट्या
माझं वेगळं आहे. बाहेरून लावा!
तुमच्या मशीनला यूएसबी ३ आहे. एक साधी एसएसडी आणि चांगली केस घ्या, त्यावर सिस्टीम टाका, सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये स्टार्टअप डिस्क म्हणून ती निवडा, झालं. तुमची आताची डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देत असेल, यूएसबीवरून चारशे मिळतील, आतल्या साटा जोडणीला लावली तर पाचशे. चारशे-पाचशेतला फरक लग्नपत्रिकेत दिसतो का हो? खरा फरक वेगळाच आहे. ५४०० आरपीएम म्हणजे तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते, एका फेरीला ११ मिलीसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी वाट बघायची, शिवाय डोकं सरकायचा वेळ वेगळाच, आणि सिस्टीम चालू होताना असे हजारो तुकडे गोळा करायचे असतात. एसएसडीत ही वाट बघणंच नाही, मग ती आत असो का बाहेर. काच कापायचा जुगार कशाला?

नाना_स्क्रूड्रायव्हर
खटपट्यांचा हिशोब बरोबर पण एक गोष्ट सुटली. मोहावेने एपीएफएस ही फाइलसिस्टीम हार्डडिस्कवरसुद्धा लादली, आणि ती मुळात एसएसडीसाठी घडवलेली. फाइल बदलली की बदललेला भाग दुसरीकडं लिहिते, हळूहळू सगळं विखुरतं, एसएसडीला त्याचं काही नाही पण फिरत्या डिस्कची दमछाक. म्हणून धागाकर्त्यांना वाटतं मशीन अचानक म्हातारं झालं.

आता उघडायचं म्हणाल तर मी असली बरीच उघडलीत. २०११ पर्यंतच्या आयमॅकची काच लोहचुंबकावर असायची, रबरी सक्शन कप लावला की पापडासारखी हातात. पण त्या २०११ वाल्यात डिस्क बदलली की टेंपरेचरचं रीडिंग मिळत नाही आणि पंखा विमानासारखा सुटतो, तो एक वेगळाच ताप. २०१२ च्या शेवटापासून बारीक कडेचे आले त्यांची काच आणि एलसीडी एकत्र, आणि कडेनं फोमच्या चिकटपट्टीवर बसवलेली. ती पट्टी छोट्या चाकाच्या हत्यारानं कापायची, पिझ्झा कापतात तसं. चाक ठरावीक खोलीच्या पुढं जात नाही म्हणून ते वापरायचं, ब्लेड नाही. खालच्या कडेला कापायचं नाही, वरून हळूच पुढं कलवायचं आणि हात आत घालून दोन केबल काढायच्या, एक डिस्प्लेची एक पॉवरची. उत्साहात स्क्रीन सरळ ओढला की केबल गेली. आणि पॉवर सप्लायचा बोर्ड आत उघडाच असतो, प्लग काढून थोडा वेळ थांबायचं तरी त्याला बोट लावायचं नाही.

२१.५ मध्ये डिस्क अडीच इंचीच असते, त्यामुळं एसएसडी जशीच्या तशी बसते. २७ इंचीत साडेतीनची असते, तिथं ब्रॅकेट लागतो. माझं मत: आतच टाका, पण स्वतः पहिल्यांदा करत असाल तर लग्नसराईत करू नका.

दीड_शहाणा
तुम्ही सगळे मेलेल्या घोड्याला नाल मारताय. बारा वर्षांचं मशीन, मोहावेला सिक्युरिटी अपडेट येणं बंद होऊनही वर्षं झाली. आजचा छोटा मॅक मिनी ह्याच्या कितीतरी पुढं आहे, जुन्यावर पैसे घालणं म्हणजे भावनिकपणा.

छापखानावाला_बार्शी
@दीड_शहाणा भावनिकपणा नाही हो, पोटाचा प्रश्न आहे. माझ्याकडं इनडिझाइन सीएस ६ आहे, एकदाच पैसे भरून घेतलेलं. ते जुन्या ३२ बिट पद्धतीचं. मोहावेनंतरच्या कॅटालिना सिस्टीमपासून ॲपलनं ३२ बिट बंदच केलं, म्हणजे मोहावे हा शेवटचा थांबा. नव्या मॅकवर ते उघडणारच नाही, मग दर महिन्याला भाडं भरा. त्यात दहा वर्षांच्या पत्रिका जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये, दुसरीकडं उघडल्या की श्रीगणेशाय नमःचा पार चिवडा होतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं थोरल्याची केली होती तशीच धाकट्याची करा, तेव्हा ती जुनी फाइलच लागते.

दीड_शहाणा
हे आधी सांगायचं ना राव. बरं, मान्य, मशीन ठेवा. पण मग त्याचं नेट काढा, निदान ब्राउझर तरी उघडू नका त्यावर.

छापखानावाला_बार्शी
नेट नाहीच. मजकूर दुसऱ्या पीसीवर व्हॉट्सॲपला येतो, तिथून पेनड्राइव्ह.

सरूआत्या
पेनड्राइव्ह म्हणजे तोही एक धोकाच, पण असो.
मला हे आत-बाहेर भांडण नंतरचं वाटतं. डिस्क मंद आहे का मरायला टेकलीय हे कुणी विचारलंच नाही. डिस्क युटिलिटीत स्मार्ट स्टेटस (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते तो अहवाल) बघा, पण तिथं 'व्हेरिफाइड' दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका, रिअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्यामुळं बदललेल्या तुकड्यांचा) आकडा दाखवणारं वेगळं सॉफ्टवेअर टाका. आमच्या शाळेच्या ऑफिसात विंडोजवाला ऑल-इन-वन होता, त्याचं पाठीमागचं झाकण नुसत्या क्लिपांवर, एटीएम कार्ड घालून उघडलं, एसएसडी बसवायला वीस मिनिटं. पण त्याआधी क्लोन (हुबेहूब कॉपी) करताना जुनी डिस्क अर्ध्यात अडकली, आणि निकालपत्रकं तिच्यावरच. दोन रात्री मी हेडमास्तरांच्या समोर जायचं टाळत होते. दहा वर्षांच्या पत्रिकांचा बॅकअप आहे का दादा?

छापखानावाला_बार्शी
टाइम मशीन म्हणजे मॅकचा आपोआप बॅकअप, त्याच्या एका जुन्या डिस्कवर आहे ताई. म्हणजे असावा.

सरूआत्या
'असावा' म्हणजे नाही.

खटपट्या
सरूआत्यांना +१००. आणि बघा, इथं पण माझाच मुद्दा येतो, बाहेरच्या एसएसडीवर नवी सिस्टीम टाकली तर जुनी डिस्क हात न लावता तशीच राहते, फाइली सावकाश काढून घ्या.

नाना_स्क्रूड्रायव्हर
तशीच राहते हाच तर प्रॉब्लेम! मरायला टेकलेली डिस्क आत असली की तुम्ही बाहेरून बूट केलं तरी सिस्टीम तिला माउंट करायला (जोडून घ्यायला) जाते, ती अडखळते, ही थांबते. शिवाय यूएसबीवरच्या एसएसडीला मॅकओएस ट्रिम (कुठली जागा पुसून मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं) देत नाही, आतल्याला ट्रिमफोर्स कमांडनं चालू करता येतं. चार वर्षांनी लिहायचा वेग बघा मग.

खटपट्या
पत्रिकांच्या दुकानात ट्रिमचं कौतुक. नाना, तुमचा धंदा काच उघडायचा, तुम्ही दुसरं काय सांगणार.

नाना_स्क्रूड्रायव्हर
धंदा असता तर मी म्हणालो असतो रॅम पण वाढवा, कारण २१.५ ला रॅमचं दारच नाही, सगळा लॉजिक बोर्ड (मुख्य बोर्ड) उतरवावा लागतो, त्याची मजुरी जास्त. मी म्हणालो का?

छापखानावाला_बार्शी
अपडेट. खटपट्यांचं ऐकून पाच दिवस बाहेरून चालवलं. आधी पत्रिकांची कॉपी दोन ठिकाणी केली (टाइम मशीनवाल्या डिस्कवर २०१९ नंतरचं काहीच नव्हतं, ताई तुमच्या पाया पडतो). बूट व्हायला आता अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही, पण आतली जुनी अजून मधेच कटकट वाजते. काल दुपारी पुतण्यानं फोन चार्जिंगला लावायला तीच यूएसबी उपटली, स्क्रीनवर चोपन्न कार्डांची चार पानी पत्रिका होती. म्हणून चिकटपट्ट्या आणि ते चाक मागवलंय, तुळशीच्या लग्नाआधी उरकतो, फोटो टाकीन.

खटपट्या
केबलला मागं सेलोटेप लावली असती तर वीस रुपयांत काम होतं. फोटो टाका, काच फुटली तरी टाका.