पोटासाठी रंगवलेली पाटी ही कला की नुसतं काम?

रंकाळाकाठ (धागाकर्ता):
परवा एका चित्रप्रदर्शनात कानावर पडलं, 'खऱ्या कलावंतानं पोटाचा विचार करू नये.' ते डोक्यातून जाईना. माझे वडील कोल्हापुरात, शाहूपुरीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोरीला खडू चोळून ती पत्र्यावर ताणून सोडायची, की सरळ रेघ उमटायची. मग करंगळी टेकवून, श्वास धरून 'श्री'ची वेलांटी एका दमात ओढायची. ती कला नव्हती का?
आपले बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. 'पेंटर' हे धंद्यानं चिकटलेलं नाव. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या त्याच हातांनी कॅमेरा घडवला आणि १९२५ साली 'सावकारी पाश' या मूकपटात कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. जगणं बाजूला ठेवून हे झालं असतं का?

कोटितीर्थ:
वडिलांबद्दल आदर आहे, पण मुद्दा पटत नाही. पाटीवर काय लिहायचं हे गिऱ्हाईक ठरवतं. चित्रात काय यावं हे फक्त चित्रकाराला ठाऊक असतं, आणि त्यासाठी मोकळा वेळ लागतो. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरात परतले, पुढे शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. आश्रय म्हणजे पोटाच्या चिंतेतून सुटका. ती नसती तर कोटितीर्थ तलावाच्या पाण्यावरचा उजेड तासन्‌तास बघत कोण बसलं असतं? सगळ्यालाच कला म्हटलं की कलावंताला वेळ द्यायची समाजाची जबाबदारी संपते. तुमच्या वडिलांना स्वतःसाठी चित्र काढायचं नव्हतं का?

पायताणवाली:
आमच्या घरात चपलांच्या वेण्या बायकाच घालतात. मीबी घालते. २०१९ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तवा सगळी 'कला, कला' म्हणत हुती. दुकानात आलं की तीच माणसं पन्नास रुपयांसाठी घासाघीस करत्यात. कला म्हणा नाहीतर काम म्हणा, वेणी घालताना बोटं दुखत्यातच. पण वेणी एकसारखी उतरली की मी ती हातावर घेऊन बघत बसते. त्या वेळंला गिऱ्हाईक आठवत न्हाई.

कोटितीर्थ:
ताई, गिऱ्हाईक आठवत नाही तो क्षण, मी त्यालाच कला म्हणतोय. तो दिवसातून दोन मिनिटं मिळावा की दोन तास, एवढंच माझं भांडण आहे.

रंकाळाकाठ (धागाकर्ता):
तुमच्या प्रश्नाचं उत्तर कालच टाळलं होतं, आज देतो. हो, काढायचं होतं. रविवारी सकाळी ते रंकाळा तलावावर जायचे, संध्यामठाच्या बाजूला बसायचे. बहिणीचं लग्न ठरलं त्या वर्षी ते थांबलं आणि परत सुरू झालं नाही. एकच चित्र घरात उरलंय. पावसाळी रंकाळा, अर्धवट. मागच्या बाजूला पेन्सिलीनं एका दुकानाच्या पाटीचं माप लिहिलंय, ६ बाय ३, आणि खाली ॲडव्हान्सचा हिशोब.
पाटीला मी अजूनही कलाच म्हणेन. पण ते चित्र पुरं व्हायला हवं होतं, हे तुमचं खरं आहे.