जिभेचे दोन्ही हाल : परदेशी सुटीतलं खाणं आणि बोलणं

पाचपाखाडी, ठाणे
आमच्या इमारतीत मे महिना आला की लिफ्टमध्ये दोनच विषय असतात, पाण्याचा टँकर आणि कोण कुठे चाललंय. यंदा तीन घरं परदेशी जाऊन आली आणि तिघांनीही डोंगर-समुद्र दोन वाक्यांत उरकून उरलेला तासभर जेवणाच्याच गोष्टी सांगितल्या. म्हणून म्हटलं, कळव्यापासून पार खारघरपर्यंत ज्यांना ज्यांना सांगण्यासारखं आहे त्यांनी सांगा. कुठे अडलं, कुठला शब्द कामी आला, बॅगेतलं काय उगाच वाहिलं. टूरची जाहिरात नको. सुरुवात मी करतो.

हनोईतला दुसरा दिवस. बाबा ७८ वर्षांचे, चार वाजले की त्यांना चहा लागतो म्हणजे लागतोच. एका गल्लीत पाटी दिसली. अक्षरं रोमन, त्यांना वरखाली टिंबं-टोप्या, पण ‘कॉम चाय’ एवढं वाचता आलं. बाबा खूश. आत बसलो, चार बोटं दाखवून मी ‘चाय, चाय’ म्हटलं. बाईंनी मान डोलावली आणि दहा मिनिटांत चार ताटं आणून ठेवली. भात, टोफू, अळंबी आणि परतलेली एक पालेभाजी. ती बघून आई म्हणाली, “अगं बाई, ही तर नाळीची भाजी!” चहाचा पत्ता नाही.

कॉम म्हणजे भात आणि चाय म्हणजे शाकाहारी, हे रात्री हॉटेलातल्या मुलाने सांगितलं. त्यांच्या चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांस-मासे खात नाहीत, त्यामुळे अशा खानावळी असतात. बाबांनी लगेच पंचांग मांडलं, “म्हणजे आपल्यासारखीच पौर्णिमा पाळतात की!” आदल्या दिवशी आम्ही ‘व्हेज, व्हेज’ करत होतो तेव्हा भाज्या यायच्या खऱ्या, पण त्यांवर माशाचा सॉस असायचाच. भाज्या मागितल्या, दिल्या, आता काय, असा वाढणाऱ्यांचा चेहरा. पुढचे सहा दिवस ‘तोई आन चाय’ या एका वाक्यावर निघाले. बाबांचा चहा मात्र ठाण्याहून नेलेल्या पुडीवरच.

घंटाळी, ठाणे
मी निवृत्त शिक्षिका. मराठी शिकवायचे, त्यामुळे शब्दांवर माझा भरवसा जरा जास्तच. जपानला जाण्याआधी ‘मी शाकाहारी आहे’ हे वाक्य जपानीत घोकून गेले. क्योतोत ते म्हटलं. वाढणाऱ्या मुलीने कमरेत वाकून ‘हाय’, म्हणजे हो, म्हटलं आणि तळलेल्या टोफूची वाटी आणून ठेवली. वर पातळ गुलाबीसर पापुद्रे, आणि ते हलत होते. खरंच हलत होते, पिंपळपानं हलतात तसे. “जिवंत आहे गं काहीतरी!” मी ओरडलेच. लेकीने मोबाइलवर शोधलं. वाळवून खडखडीत केलेल्या बोनिटो माशाचा कीस, वाफेने हलतो म्हणे.

बरं, तो बाजूला सारून भागत नाही. वाटीतला रस्साही त्याच माशाच्या पाण्यातला. त्या पाण्याला दाशी म्हणतात. मिसो सूप, नूडल्स बुडवायचं सार, शिजवलेल्या भाज्या, जिकडेतिकडे दाशी. त्या मुलीने मला फसवलं नव्हतं. आमटीत हिंग आहे हे आपण कुणाला मुद्दाम सांगतो का? तसंच ते.

त्या रात्री हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाकडून चिठ्ठी लिहून घेतली. त्यात ‘शाकाहारी’ हा शब्दच ठेवला नाही. निकु नको, साकाना नको, दाशी नको. मांस, मासे, माशाचं पाणी, सरळ नावानिशी. चिठ्ठी दाखवली की एक तर आचारी बाहेर येऊन दोन हातांची फुली करून नाही म्हणायचा, नाही तर खरोखर खाता येईल असं काही मिळायचं. मला दोन्ही चाललं. हसून हो म्हणणाऱ्यापेक्षा फुली दाखवणारा परवडला.

पोटभर जेवलो ते कोयासानला. नवव्या शतकात कुकाई या बौद्ध भिक्षूंनी वसवलेलं डोंगरावरचं मठांचं गाव, मठातच राहता येतं. तिथल्या जेवणाला शोजिन र्योरी म्हणतात. मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही. आमच्या ह्यांना कांद्याशिवाय जेवण म्हणजे शिक्षा, पण तिळाचं मऊ टोफू त्यांनी माझ्या वाटीतलंही संपवलं. जेवण संध्याकाळी साडेपाचला! आमची ती चहा-बिस्किटाची वेळ. रात्री नऊला पुन्हा भूक लागली तेव्हा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा निघाला. दुपारी प्रवासात असलो की कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचे त्रिकोणी मुटके घ्यायचो, आत उमेबोशी, मिठात मुरवलेलं आंबटढाण फळ. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं लोणचंभात. दुकानात जाऊन ‘लोणचंभात द्या’ असंच म्हणायचे, आणि बोट दाखवलं की मिळायचाही.

खारघर
रोममध्ये चार दिवस ‘पेपेरोनी’ लिहिलेला प्रत्येक पिझ्झा टाळला, कारण आपल्याकडे मॉलमध्ये पेपेरोनी म्हणजे सॉसेजचे काप. इटलीत पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची! पाचव्या दिवशी कळलं. त्या चार दिवसांत बिनधास्त खाल्लेल्या पिझ्झ्यांपैकी एकावर ‘अच्यूगे’ लिहिलं होतं. ते बारीक मासे असतात. यापुढचं लिहीत नाही, आई वाचते हे सगळं.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
सगळे शाकाहारीच बोलताय, म्हणून मी. आमच्याकडे मासळीशिवाय ताट नाही, तरी अडलंच.

बँकॉकच्या बाजारात शिरले आणि थबकले. वास! लहानपणी दारात जवळा सुकायचा, तोच वास. बघते तर पाटीत मातकट रंगाचा गोळा. कापी म्हणतात त्याला, जवळ्यासारखे बारीक जीव मीठ लावून, कुटून मुरवलेले. नवरा म्हणाला, “साडेचार तास विमानात बसलो ते सुकट हुंगायला?” मी खरंच पाच मिनिटं तिथून हलले नाही. विकणारी बाई माझ्याच वयाची. तिने नखभर बोटावर दिलं, मी चाटलं, मान हलवली, तिने अंगठा दाखवला. भाषा लागलीच नाही.

फजिती झाली ती तिखटाने. ‘माय पेत’ म्हणजे तिखट नको, असं गाइडने सगळ्यांना शिकवलं होतं. मी म्हटलं, कोळणीला तिखट नको? तिखट हवंय कसं म्हणतात ते सांग. ‘पेत माक.’ मी ऐटीत ‘पेत माक’ म्हटलं आणि कच्च्या पपईची कोशिंबीर आली. दुसऱ्या घासाला कानांत दडे बसले. त्या मिरचीचं थाई नाव प्रिक खी नू, म्हणजे शब्दशः उंदराच्या लेंड्यांची मिरची. तेवढीशीच असते. पाण्याने काही होत नाही, चिकट भाताचे गोळे गिळत बसले. दीर अजून घरात मला ‘पेत माक’ म्हणून हाक मारतो.

जाऊबाई माळकरी, तिचं काय करायचं हा प्रश्न होता. गाइडने तिला पिवळी पाटी दाखवली, त्यावर लाल अक्षरं. थाई लिपीत ते ‘जे’ आहे, आपल्याला इंग्रजी आकड्यांतल्या १७ सारखं दिसतं. मांस, मासे, अंडं, दूध, कांदा, लसूण, यातलं काही नसलेलं जेवण. मग काय, सबंध बँकॉकभर जाऊबाई सतरा शोधत फिरली. “सतरा दिसला का गं? सतरा?” मटका लावलाय असं वाटायचं.

वाशी
मसाला मार्केटमध्ये २६ वर्षं नोकरी झाली, म्हणून फक्त नेण्याबद्दल सांगतो. खसखस. दुबई, शारजा, सिंगापूर, कुठेही नेऊ नका. अफूच्या बोंडातलं बी ते. इथे किराणा, तिथे गुन्हा. दिवाळीनंतर सौ.ची बहीण मुलाकडे शारजाला निघाली होती, डब्यात ४० अनारसे. मी बॅग बांधायला गेलो म्हणून दिसले. अनारशाला खसखस असते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. डबा इथेच ठेवला, ती दोन दिवस बोलली नाही. अनारसे आम्हीच खाल्ले, त्याचाही राग असेल.

युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवापोळी, तूप घरी ठेवा. ऑस्ट्रेलियाला जे खाण्याचं असेल ते सगळं फॉर्मवर लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

कोलशेत, ठाणे
म्युनिक, मुलगा दोन वर्षांचा. पहिल्या संध्याकाळी दुकानातून पाण्याच्या सहा बाटल्या आणल्या. दुधाची पावडर शेकरमध्ये घालून खळखळ हलवली, झाकण उघडलं आणि दूध छताला. तिकडे पाणी म्हटलं की गॅसवालं गृहीत धरतात. बाटलीवर ‘श्टिल’ लिहिलंय का बघायचं, किंवा ‘ओने कोलेनझॉयर’ म्हणायचं. वाचता येत नसेल तर बाटली दाबायची, दगडासारखी लागली तर गॅस. उरलेल्या पाच बाटल्यांचं पाणी किटलीत उकळून वापरलं, गॅस उडून जातो. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, हे आम्हाला निघायच्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी सांगितलं.

नेरुळ
एक विचारू का, राग मानू नका. दीड-दोन लाख खर्चून तिकडे जायचं आणि खायचं काय, तर ठेपले? स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवर आमचा सगळा ग्रुप बर्फाकडे पाठ करून भारतीय जेवणाच्या रांगेत उभा होता. मी एकटा बाहेर राहून चीज-पाव खाल्ला. आपली भाषा सोडवत नाही, आपली आमटी सोडवत नाही, मग ठाण्यातला उपवन तलाव काय वाईट होता?

कळवा
नेरुळच्या दादांना, आधी तुमचं वय सांगा. माझ्या आईला २२ वर्षं मधुमेह आहे. गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायला हवं, ओळखीचं आणि किती आहे ते कळणारं. तिने चीज-पावाचा प्रयोग बर्फात करून बघायचा का? आम्ही नेतो भाजलेला उपमा रवा, मेतकूट, खाकरे, आणि आम्हाला लाज वाटत नाही. लाज वाटली ती एकदाच. लंडनमध्ये हॉटेलच्या खोलीत आईने लपवून आणलेल्या छोट्या शेगडीवर मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला. मजल्यावरची सगळी माणसं पायजम्यात रस्त्यावर. आई खाली उभी राहून पुटपुटत होती, “एवढ्याशा फोडणीने?” तेव्हापासून फोडणी घरूनच घालून नेतो.

पाचपाखाडी, ठाणे
नेरुळ आणि कळवा, दोघांचंही पटलं. पण उपवनला नावं ठेवायची नाहीत. पुढे.

ऐरोली
तुर्कस्तानात भाषा येत नाही असं आठवडाभर वाटलंच नाही. साबण म्हणजे सबुन, साखर शेकेर, बदाम बादेम, दुकान द्युक्कान, चहा चाय (इथे खराच चहा), चीजला पेनिर. यातले बरेच फारसी-अरबी शब्द त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. मी नुसती मराठी शब्द वाकडेतिकडे करून बोलत होते आणि निम्मे लागू पडत होते. ताकाला आयरान म्हणतात, ते इतकं आपलं की नवरा सकाळ-संध्याकाळ पीत होता.

गाडी अडली मसुराच्या सुपाशी. मेर्जिमेक चोर्बासी, सगळ्यांनी सांगितलं की डाळच आहे, घ्या. डाळच असते, पण काही ठिकाणी मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘एतसिझ’ म्हणजे मांसाशिवाय, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. ‘एत सुयू वार मी?’, मांसाचं पाणी आहे का, असं विचारलं तेव्हा एका म्हाताऱ्या दुकानदाराने वाटी उचलून परत आत नेली. घंटाळीच्या बाईंची दाशी वाचली आणि तोच आठवला.

सीवूड्स
मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी, आम्ही बालीला गेलो. तिथे साते, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाचा सॉस शेंगदाण्याचा, गाडो-गाडो या भाज्यांच्या कोशिंबिरीवरही शेंगदाणा. ‘काचांग’ हा शब्द सगळ्यांनी पाठ केला, शेंगदाणा म्हणजे काचांग तानाह. कार्ड छापून नेलं. ते वेटरला देऊन थांबू नका, आत जाऊन आचाऱ्याला दाखवा. औषध खिशात ठेवा, बॅगेत नको. बाकी सहल छान झाली.

वर्तकनगर, ठाणे
आम्ही जॉर्जियाला गेलो ते जुलैत, आणि आषाढी एकादशी तिबिलिसीत आली. आईने कांदेनवमी ठाण्यातच उरकली होती, कांदाभजी, वांग्याचं भरीत, सगळं. आता चातुर्मास, कांदा-लसूण-वांगं बंद आणि त्यात एकादशी. साबुदाणा होता, पण आम्ही उतरलो होतो एका बाईंच्या घरी, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायला आई संकोचत होती.

मी फोनवर भाषांतर करून त्यांना दाखवलं, ‘आज आईचा धार्मिक उपवास आहे.’ बाईंचा चेहरा उजळला. “सामार्ख्वो!” त्यांच्याकडे चर्चचे उपवास असतात, त्यात मांस, दूध, अंडं चालत नाही, आणि त्या जेवणाला हा शब्द. मला वाटलं, सुटलो! तासाभराने टेबलावर आलं ते असं : राजमा भरलेली जाड भाकरी, लोबियानी. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी. अक्रोड घालून कुटलेला पालक.

आईने माझ्याकडे बघितलं. “एकादशीला राजमा? आणि वांगं?” बाई कौतुकाने बाजूला उभ्या. त्यांच्या हिशोबाने हे अगदी कडक उपवासाचं ताट होतं. मी खिडकीत टांगलेल्या चुर्चखेलाकडे बोट दाखवलं, द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ. आईने विचारलं, “रस आटवून घट्ट केलाय की पीठ लावून?” पीठ लावून. तेही गेलं. शेवटी ‘कार्तोपिली’ हा शब्द सापडला, बटाटा. बाईंनी चार उकडून दिले, आईने मीठ-जिरं पर्समधून काढलं, वर सुटे अक्रोड आणि पीच. बाईंना वाईट वाटलं असेल, पण आईने लोबियानीवर रुमाल झाकून ‘उद्या, उद्या’ अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आई आंघोळ करून टेबलाशी हजर. मी झोपेतच विचारून घेतलं, खाख्वी, म्हणजे कांदा, आहे का? नाही. जॉर्जियातल्या राचा भागात लोबियानीत डुकराचं मांसही घालतात, ते? बाईंनी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. आईने द्वादशीचं पारणं त्या गार राजम्याच्या भाकरीवर सोडलं आणि दुसरा तुकडा उचलताना म्हणाली, “तूप असतं ना वर, तर पुरणपोळीच्या तोंडात मारलं असतं.”