प्रतिसाद: एक्स-रे नॉर्मल, तरी मनगट दुखतंय

ताई, एक्स-रे साफ आला म्हणून घरचे तुमच्या मनगटाच्या दुखण्याला 'नाटक' म्हणतात, हे वाचून वाईट वाटलं. तुमचं दुखणं खरं आहे. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी झालेली असू शकते. इजा भरून आली तरी मेंदू धोक्याची सूचना देत राहतो. काळजी, अपुरी झोप आणि 'आता हात कायमचा गेला' ही धास्ती त्याला खतपाणी घालते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या २०२० च्या व्याख्येतही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा अनुभव मानलाय, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखावा, असंही सोबत सांगितलंय.

आमच्या परभणीकडे कापूस वेचणीनंतर चुलतीचं मनगट असंच धरलं. भाकरी थापताना ती अंगठा ताठ, लांब ठेवायची. बँकेची नोटीस आली त्या आठवड्यात तर तांब्याही डाव्या हाताने उचलायची. भीतीने हात वापरणं सोडलं की तो आखडतो, मग जराशा कामानेही कळ येते. फिजिओथेरपिस्टने रोज थोडं थोडं काम वाढवायला लावलं, त्याने फरक पडला. घरात टोमणे थांबले, त्याचाही वाटा मोठा होता असं मला वाटतं.

रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र आधी नस दबलीये का ते तपासून घ्या, साखर-थायरॉईडही बघा. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.