घरपट्टी गोठवली, पण वाचनालयाचं काय? (स्कॉटलंड)

क्लाइडकाठ: ग्लासगोजवळच्या छोट्या गावात राहते. आमचं वाचनालय आता आठवड्यातून तीनच दिवस उघडतं. दारावरच्या वेळापत्रकात बाकीचे वार कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकलेत. शनिवारी मुलगा त्या पट्टीवर बोट ठेवून "आज का नाही?" विचारत होता. वाचनालयाला पैसा देते कौन्सिल, म्हणजे इथली पालिका. २०२४-२५ मध्ये स्कॉटिश सरकारनं तिचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी, गोठवला. २००७ नंतरही तो कित्येक वर्षं गोठलेला होता. भरपाई दिली, पण किती ते एडिनबरातल्या सरकारनंच ठरवलं. त्यात हा कर अजून १९९१ च्या घरकिमतींवर. घोषणा तिकडे, कात्री आमच्याकडे. मला हे चूक वाटतं.

लीथकर: ताई, घरपट्टी इथे भाडेकरूच भरतो. वाढली की पहिला फटका त्यालाच. त्यापेक्षा प्राप्तिकर बरा: सहा टप्पे, वरचा ४८ टक्के. इंग्लंडातल्या भावापेक्षा मी जास्त भरतो आणि आनंदानं भरतो. विद्यापीठात मुलीला फी नाही, २०११ पासून प्रिस्क्रिप्शन मोफत, गरीब घरातल्या मुलामागे दर आठवड्याला सरकारी मदत. ही २०२२ मध्ये २५ पौंडांवर नेली.

क्लाइडकाठ: दादा, यातलं एकही काढा म्हणत नाही मी. पण पोरांची मदत देणाऱ्यानंच पोरांच्या वाचनालयाचा पैसा अडवावा?

टेम्सपार: अडवतं कोण? लंडनहून येणारा ठोक निधी बार्नेट सूत्रानं हलतो. इंग्लंडात शाळा-आरोग्यावर खर्च वाढला, तर लोकसंख्येच्या हिशेबानं तुम्हाला वाढ. तरी माणशी खर्च तुमच्याकडेच जास्त. आधी तो नीट वापरा.

तंदूरवाला: वापरलाच की. २०२१-२२ मध्ये इथे दुकानं-हॉटेलांना व्यवसायपट्टी वर्षभर पूर्ण माफ होती. इंग्लंडात तीन महिन्यांनी माफी ६६ टक्क्यांवर आली. माझ्याकडे तेव्हा दोन टेबलं लागत होती, बाकी खुर्च्या भिंतीला उलट्या. त्या माफीवर दोन पोरांचे पगार निघाले. हा निर्णय कौन्सिलवर सोडला असता तर मी आज हॉटेलात नसतो.

ठाणेकर: जकात गेली तेव्हा महापालिकांचं हेच झालं. २०१७ पासून मुंबईही राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून. हातचं उत्पन्न गेलं की मागणं आलं.

क्लाइडकाठ: तंदूरवाले दादा, तुमची माफी योग्यच होती, ती संकटातली होती. मी दरवर्षीचं बोलतेय. १९९१ चं मूल्यांकन बदला, मोठ्या घरांना जास्त लावा, दर कौन्सिलला ठरवू द्या. चार पौंड जास्त मी देईन, शनिवार परत हवा.