घर ‘गहाण’ ठेवलं की ‘तारण’?

गोदाकाठचा: काल गृहकर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. पंचवटीतलं रो-हाऊस. बँकेतले साहेब तासभर ‘तारण, तारण’ करत होते, ‘गहाण’ एकदाही नाही. आईला गहाण म्हटलं असतं तर जेवली नसती, तारण म्हटल्यावर पेढे वाटले! माझ्या मते ही साखरपेरणी बंद करा. इंग्रजी मॉर्गेज बघा, जुन्या फ्रेंचमधला शब्द, अर्थ सरळ ‘मेलेलं गहाण’. कर्ज थकलं तर मालमत्ता ऋणकोला मेली, फिटलं तर धनकोला.

निफाडकर: हा खुलासा १५व्या शतकातल्या लिटलटन या इंग्रज कायदेपंडिताचा. ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या, इंग्लंडच्या कायद्यावरच्या १२व्या शतकातल्या ग्रंथात कारण वेगळंच आहे. जमिनीचं उत्पन्न धनको खातो आणि मुद्दल एका पैशानेही कमी होत नाही, म्हणून मेलेलं. मला हेच पटतं. आमच्या पणजोबांचा मळा असाच कब्जेगहाण होता. पीक सावकाराचं, तेही नुसतं व्याजापोटी. मुद्दल जागच्या जागी.

गोदाकाठचा: म्हणजे कसंही वाचा, मरण आपलंच. मग तारण कुणाला तारतं?

जुनी सनद: दोघंही घाई करताय. (वकिली सोडली, खोड नाही सुटली.) तारण म्हणजे कर्जाला आधार काय, एवढंच. सराफ बाजारात ठेवलेली पाटलीही तारणच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, त्याचं कलम ५८ फक्त स्थावराचं गहाण सांगतं, आणि त्यातही सहा प्रकार. कब्जेगहाण त्यातला एक. तुम्ही बहुधा घराचे मूळ कागद बँकेत ठेवलेत, तो दुसरा. घरात राहताय तुम्हीच. पणजोबांच्या मळ्याशी त्याची तुलना कशाला?

निफाडकर: तुलना शब्दाची चाललीय, वकीलसाहेब. आपल्याकडे याला ‘आधि’ म्हणत. याज्ञवल्क्य त्याच्या स्मृतीत सांगतो, कर्ज दुप्पट होईपर्यंत सोडवली नाही तर ठेवलेली वस्तू बुडाली. पण जिचं फळ धनको भोगतो, ती कधीच बुडत नाही. इंग्रजांनी ज्याला मेलेलं म्हटलं, तेच आपल्याकडे न मरणारं! आमचा मळा आजोबांनी सोडवला, तो याच बळावर, असं घरात सांगतात.

जुनी सनद: याज्ञवल्क्याच्या नाही, कलम ६०च्या बळावर. पैसे भरून गहाण सोडवायचा हक्क तिथे आहे.

गोदाकाठचा: असेल. तरी मी गहाणच म्हणणार. आईपुढे सोडून.

निफाडकर: तिला सातबारा दाखवू नका म्हणजे झालं. आमच्या उताऱ्यावर इतर हक्कात तिसराच शब्द आहे, ‘बोजा’.