मदत हवी आहे: पार्शल लिपोडिस्ट्रॉफी (शरीराच्या काही भागांतली चरबी नाहीशी होण्याचा आजार), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 1180, हृदयासाठी फक्त टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पुरे का?

माहीमकर: रुग्ण स्त्री, वय 34. हातपाय बारीक, शिरा उठून दिसतात, चरबी मानेवर आणि हनुवटीखाली. बीएमआय 23. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 9.2, फॅटी लिव्हर. जीन टेस्टमध्ये एलएमएनए या जीनमध्ये 482व्या जागी बदल. ईसीजी नॉर्मल. इन्सुलिन मांडीत घेतल्यावर दुखतं; साखर कधी धाडकन उतरते, कधी हलतच नाही. गर्भनिरोधक गोळी चालू आहे.

सीरम_दुधाळ: इको होईल, आधी 1180 खाली आणा. हजाराच्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती खरी असते. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी कळ आणि उलट्या आल्या तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. चरबीने दुधाळ झालेल्या रक्तात अमायलेज (स्वादुपिंडाच्या सुजेसाठीची तपासणी) खोटं नॉर्मल येऊ शकतं, सोडियमही खोटं कमी दिसतं. ट्रायग्लिसराइडचा आकडा तिथे आधीच सांगा. 400च्या वर सूत्राने काढलेलं एलडीएल निरुपयोगी, नॉन-एचडीएल (एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल) बघा. गोळीत इस्ट्रोजेन असेल तर ट्रायग्लिसराइड आणखी चढतं. उद्याच गायनॅकला विचारा, कॉपर-टीचा पर्याय आहे.

आणि नुसतं तूप सोडून भागत नाही. संकष्टीला साबुदाणा, वर गोड चहा, की लिव्हर त्या पिठा-साखरेचीच चरबी करतं.

पीआर_इंटरव्हल: जीन एकच, पण बदल कुठे आहे त्यावर हृदयाचं बरंचसं ठरतं. 482ला मुख्य काळजी कमी वयातल्या कोरोनरी ब्लॉकेजची. आरामात काढलेला ईसीजी त्यात स्वच्छ येऊ शकतो, म्हणून स्ट्रेस टेस्टबद्दल विचारा. याच जीनमधल्या दुसऱ्या काही बदलांत हृदयाचा स्नायू आणि विद्युतमार्ग बिघडतो, पेसमेकर लागतो. 482लाही ती बाजू सोडू नये: दरवर्षी ईसीजी-इको, धडधड किंवा चक्कर असेल तर 24 तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी). जुने ईसीजी सोबत न्या. पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्यांत विद्युत संदेश पोचायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) 150वरून 195 झाला तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’च छापतात!

मांडीत चरबीच नाही, सुई स्नायूत जाते. म्हणून दुखतं आणि साखर झोके घेते. चरबी शिल्लक असेल तिथे, बहुधा पोटावर, 4 मिमीची सुई. पण जागा बदलताना डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासा.

सीरम_दुधाळ: परळला केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजी आहे. जीन रिपोर्टची झेरॉक्स न्या. भावंडं आणि मुलांनाही तपासा, प्रत्येकाला शक्यता 50 टक्के.

माहीमकर: गोळीचं पाकीट पाहिलं, एथिनिल इस्ट्राडायोल लिहिलंय, म्हणजे इस्ट्रोजेनच. उद्या सकाळीच गायनॅककडे.