मदत हवी आहे: १८६५० सेलवरचा हॉट वायर कटर दोन सेकंदांत बंद पडतो

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रॉनिक्सची सवय असलेल्यांनी जरा लक्ष द्या. आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पारसिकच्या डोंगरउताराचं साइट मॉडेल करायचंय. त्यासाठी निळ्या एक्सपीएस फोमचे (थर्माकोलसारखा, पण घट्ट) कंटूर, म्हणजे उंचीच्या रेषांनुसार थर, कापून एकावर एक चिकटवायचे असतात. स्टुडिओत प्लग पॉइंट मोजके आणि तिथे सगळ्यांचे लॅपटॉप लागलेले, म्हणून चार्ज करून वापरता येईल असा, तापलेल्या तारेने फोम कापणारा हातातला कटर घरीच बनवतोय.

२५ मिमीच्या कंड्युट पाइपची मूठ आहे, तिच्यात १८६५० सेल (गोल, रिचार्जेबल लिथियम सेल) व्यवस्थित बसतो. सेल टीपी४०५६ च्या चार्जिंग मोड्यूलला जोडलाय, प्रोटेक्शनवाल्या, म्हणजे करंट फार वाढला की आउटपुट तोडणाऱ्या. त्याच्या आउटपुटवरून एमटी३६०८ बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं मोड्यूल), ५ व्होल्टला सेट केलेला. बूस्टनंतर पुश बटण आणि पुढे ०.४ मिमीची नायक्रोम तार (करंट गेला की तापणारी), १२ सेंटीमीटर. नायक्रोमवर सोल्डर धरत नाही, म्हणून टोकं सिरॅमिक कनेक्टरच्या पितळी स्क्रूखाली दाबली आहेत. एका टोकाला छोटी स्प्रिंग आहे, कारण तापल्यावर तार लांबते आणि सैल पडली की कंटूर वाकडा जातो.

बटण दाबलं की तार गरम होते, फोममध्ये जेमतेम शिरते आणि थंड. मोड्यूलच्या आउटपुटवर मल्टिमीटर शून्य दाखवतो, सेलवर मात्र ३.९ व्होल्ट तसेच. बटण सोडून पुन्हा दाबलं तरी काही नाही. चार्जर लावून काढला की परत तेच दोन सेकंद.

माझा हिशोब सांगतो, चूक असेल तर दाखवा. ०.४ मिमी नायक्रोमचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साधारण ८.५ ओहम, म्हणजे माझी तार एक ओहमच्या आसपास. ५ व्होल्टला ती ५ अँपिअर, म्हणजे २५ वॉट मागणार. तेवढे द्यायला सेलमधून साडेसात अँपिअरच्या घरात करंट लागेल. चार्जिंग मोड्यूलवरचं डीडब्ल्यू०१ चिपचं प्रोटेक्शन साधारण ३ अँपिअरलाच तोडतं आणि एमटी३६०८ वर तर २ अँपिअरच लिहिलंय. म्हणजे प्रोटेक्शन आपलं काम चोख करतंय, मागणीच अवाजवी आहे. चार्जर लावेपर्यंत ते परत का येत नाही, याचं कारण मला बटणाच्या जागेत दिसतं. बटण सुटलं तरी बूस्ट मोड्यूल लोड म्हणून लागलेलंच राहतं, त्यामुळे प्रोटेक्शनला लोड गेला असं वाटतच नाही. बटण टीपी४०५६ आणि बूस्टच्या मध्ये घेतलं तर हे सुटेल ना?

ज्या दुकानातून मोड्यूल घेतलं तिथे सांगितलं, “प्रोटेक्शन बायपास करा, तार सरळ सेलला लावा.” ते मी करणार नाही. कटर पोरीच्या बॅगेतून ट्रेनने रोज ये-जा करणार, तिथे शॉर्ट झालेला लिथियम सेल मला नकोय. शिवाय सरळ सेलवर कट एकसारखा येत नाही. सेल ४.२ व्होल्टवरून ३.२ वर आला की तारेतली पॉवर जवळपास ४० टक्के घटते. सकाळी लोण्यासारखा कापलेला थर दुपारी खेचावा लागतो, तार फोमला ओढते आणि कडेला दोरे सुटतात. कंटूरच्या मॉडेलमध्ये प्रत्येक थराची कड उघडी दिसते, म्हणून व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर हवाच आहे. एलएम३१७ हा साधा रेग्युलेटर मला बाद वाटतो: दीड अँपिअरची मर्यादा, आणि स्वतःसाठीच दोनेक व्होल्ट खाल्ल्यावर एका सेलमधून तारेला उरणार काय?

मला सुचलेला उपाय म्हणजे तार बारीक करणं. ०.२ मिमीची तार दर मीटर लांबीला सुमारे ३५ ओहम पडते, म्हणजे १२ सेंटीमीटरला ४.२ ओहम. ५ व्होल्टला १.२ अँपिअर, ६ वॉट. पृष्ठभाग निम्मा झाल्यामुळे तापमान पुरेसं राहील असं वाटतं. सेलवर २ अँपिअरपेक्षा थोडा कमी भार येईल, म्हणजे प्रोटेक्शन टिकेल.

आता अडतं ते इथे. एमटी३६०८ इतक्या भारावर सलग पाच-दहा मिनिटं टिकतं का, की बंद मुठीत तापून जाईल? ०.२ ची तार ५ सेंटीमीटर जाड फोममध्ये तुटते का? की सरळ दोन सेल सिरीजमध्ये घेऊन, २एस बीएमएस (दोन सेलचं प्रोटेक्शन सर्किट) आणि एक्सएल४०१५ बक (व्होल्टेज कमी करणारं मोड्यूल) लावावा? त्यात करंटही सेट करता येतो, तारेसाठी ते बरंच. पण मग टीपी४०५६ वर चार्जिंग होणार नाही, ८.४ व्होल्टचा वेगळा चार्जर आला आणि मूठ लांबली.

सेलबद्दलही सांगा. सध्याचा जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधला आहे, भारावर त्याचं व्होल्टेज बरंच खाली बसतं. ९९०० एमएएच छापलेले स्वस्त सेल घेणार नाही, १८६५० मध्ये तेवढी क्षमता मावतच नाही. २ अँपिअर आरामात देणारा खात्रीचा सेल ठाणे-नवी मुंबईत कुठे मिळतो?

शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जातोय. त्याआधी कळलं तर तार, सेल आणि मोड्यूल एकाच फेरीत आणता येईल.